मार्कडाउनमध्ये प्रबंध: वर्षभराच्या वापरानंतर

प्रबंधाची सगळी प्रकरणं मार्कडाउनमध्ये, म्हणजे साध्या मजकुरातच चिन्हं टाकून रचना दाखवण्याच्या पद्धतीत लिहिली, पॅनडॉक या फाइलींचं रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामने पीडीएफ केली आणि सादर केली. लिहिण्यासाठी याहून बरं साधन मला अजून सापडलेलं नाही. मार्गदर्शकांकडून मजकूर तपासून घेताना मात्र घाम फुटतो.

जॉन ग्रूबर यांनी २००४ मध्ये मार्कडाउन आणलं ते वेबवरच्या लिखाणासाठी. त्यात तळटिपा नाहीत, तक्ते नाहीत, संदर्भ तर नाहीतच. प्रबंधाला लागणारं हे सगळं पॅनडॉक पुरवतं. ते जॉन मॅकफार्लेन या तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाने लिहायला घेतलं, आणि वापरताना ते कळतंच. संदर्भांची इतकी काळजी निव्वळ प्रोग्रामरने घेतली नसती.

खरा फायदा संदर्भांचाच. झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या प्रोग्राममधल्या प्रत्येक नोंदीला बेटर बिबटेक्स हे प्लगइन एक की, म्हणजे ओळखीचा शब्द देतं. मजकुरात चौकटी कंसात ॲट चिन्ह आणि ती की टाकली की काम झालं. सूचीत फक्त उल्लेख केलेलीच पुस्तकं येतात. एपीएऐवजी शिकागो शैली हवी असं ऐनवेळी सांगितलं गेलं, तरी फक्त शैली ठरवणारी सीएसएल फाइल बदलायची. आकृत्यांच्या क्रमांकांसाठी पॅनडॉक-क्रॉसरेफ हे जोडसाधन घ्या. पण पॅनडॉकच्या आदेशात ते साइटप्रॉकच्या, म्हणजे संदर्भ लावणाऱ्या भागाच्या, आधी लिहा. दोघंही ॲट चिन्हच वापरतात, त्यामुळे क्रम उलटला तर आकृतीचा उल्लेख पुस्तक समजून शोधला जातो.

एक वाक्य, एक ओळ, ही सवय लावून घ्या. एकेरी ओळ तोडल्याने परिच्छेद तुटत नाही, आणि बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटमध्ये नेमकं कोणतं वाक्य बदललं ते दिसतं.

पीडीएफसाठी पॅनडॉक सहसा लेटेक ही अक्षरजुळणीची प्रणाली वापरतं; देवनागरीसाठी तिचा झीलेटेक हा प्रकार घ्या. नेहमीच्या फाँटमध्ये आपली अक्षरंच नसतात, म्हणून फाँट स्वतः सांगावा लागतो. सोबत लिपी देवनागरी असल्याचंही सांगा, नाहीतर जोडाक्षरं फुटतात. एकदा बसवलं की पुन्हा बघावं लागत नाही.

आता वर्डचं. मार्गदर्शकांना वर्ड फाइलच हवी असते, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. पॅनडॉक ती देतं, नमुना फाइल दिली तर रूपही नीट येतं. परतीचा प्रवास अवघड. त्यांच्या टिप्पण्यांसकट फाइल पुन्हा मार्कडाउनमध्ये आणण्याची सोय आहे, पण मजकुरात इतके कंस घुसतात की वाचवत नाही. शेवटी वर्ड शेजारी उघडून दुरुस्त्या हातानेच केल्या.

तक्त्यांचं दुखणं त्याहून मोठं. उभ्या रेघांच्या साध्या तक्त्यात दोन खाने जोडता येत नाहीत. म्हणून मोठे तक्ते थेट लेटेकमध्ये लिहिले. पीडीएफमध्ये सुरेख दिसले. वर्ड फाइलमधून मात्र ते साफ गायब, कारण तिथे पॅनडॉक लेटेकचा तुकडा सोडून देतं. तुमच्या विषयात असे तक्ते पानोपानी असतील, तर पहिलं प्रकरण लिहिण्याआधी त्यातला सर्वांत किचकट तक्ता दोन्ही फाइलींत काढून बघा.