एआय-डीएस ब्रँच की कॉम्प्युटरसोबत ऑनर्स?

पुतणीचा इंजिनीअरिंगच्या कॅप राउंडचा (केंद्रीय प्रवेश फेरी) ऑप्शन फॉर्म भरायचाय आणि घरात यावरूनच खल चाललाय: एआय-डीएस (आर्टिफिशियल इंटेलिजन्स आणि डेटा सायन्स) ही वेगळी ब्रँच घ्यायची की कॉम्प्युटर घेऊन त्याच विषयात ऑनर्स (पदवीसोबतचे जादा विषय) करायचं. एकाच कॉलेजात फी सहसा सारखीच, तो मुद्दा सोडा. डेटा स्ट्रक्चर्स, डीबीएमएस (डेटाबेस) दोन्हीकडे आहेच, पण एआय-डीएसला स्टॅटिस्टिक्स आणि मशीन लर्निंग मुख्य विषयांतच येतं, ऑनर्सला मात्र एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद) नियमाने १८-२० क्रेडिट जादा, म्हणजे सबमिशनच्या आठवड्यात अजून एक फाइल. गेटला (एम.टेक. प्रवेशाची परीक्षा) २०२४ पासून डेटा सायन्स-एआयचा वेगळा पेपर आलाय, तो कॉम्प्युटरवालेही देतात. सरकारी नोकरीच्या जाहिरातीत कॉम्प्युटर बहुतेकदा दिसतं, नवीन ब्रँचचं नाव शोधावं लागतं. एआयच करायचंय हे नक्की असेल, गणित आवडत असेल आणि कॉलेजात त्या विषयाचे प्राध्यापक असतील (नुसती पाटी बदललेली नको!) तर एआय-डीएस, मन डळमळतंय किंवा सरकारी नोकरी डोक्यात आहे तर कॉम्प्युटरच.