मोठा स्कॅनर की दोन चॅनलचा स्कोप?

गॅरेजमध्ये गाडीचे बिघाडाचे कोड वाचणारा साधा स्कॅनर आणि बरा मल्टिमीटर हाताशी आहेच, असं धरून चालतो. यू-कोडच्या, म्हणजे मॉड्युल्सचा (गाडीतल्या छोट्या कंट्रोल कॉम्प्युटर्सचा) आपसातला संपर्क तुटलेल्या गाड्या वाढल्या की पुढचा खर्च कशावर करायचा हा प्रश्न पडतो: सगळ्या कंपन्यांच्या गाड्या वाचणारा मोठा स्कॅनर, की वायरवरचा व्होल्टेज क्षणाक्षणाला पडद्यावर रेषेत दाखवणारा ऑसिलोस्कोप.

स्कॅनरची बाजू लंगडी नाही. मॉड्युल बदललं की कोडिंग त्याच्याशिवाय होत नाही. चांगला स्कॅनर नेटवर्कचा नकाशा दाखवतो. एकाच फांदीवरची तीन मॉड्युल्स गप्प दिसली की शोध कुठून सुरू करायचा ते कळतं. रोजचं काम मुख्यतः सर्व्हिसिंग आणि कोडिंगचं असेल, तर तोच घ्यावा.

माझ्या दृष्टीने पारडं फिरतं ते एका त्रासामुळे. स्कॅनर ज्या वायरवरून बोलतो, तीच आजारी असते. जुलैत हिंदमाता किंवा मिलन सबवेच्या पाण्यातून आलेली गाडी घ्या: कार्पेटखाली ओल, किक पॅनलमागच्या (पायाजवळच्या बाजूच्या पत्र्यामागच्या) कनेक्टरच्या पिनांवर हिरवट थर, आणि पूर्ण नेटवर्क बसलेलं. अशा वेळी साधा असो की महागडा, स्कॅनरवर एकच उत्तर येतं: संपर्क नाही. अर्धवट चालू असलं तरी यू०१२१ हा कोड एवढंच सांगतो, की एबीएसचा आवाज इतरांना येत नाही. फ्यूज गेलाय, अर्थिंग सुटलंय, वायर तुटलीय की मॉड्युलच मेलंय, हे कोडमध्ये नसतं. तेवढ्यावर चांगली मॉड्युल्स बदलली जातात, आणि गिऱ्हाईकाने कुर्ल्याहून जुनं मॉड्युल आणलं तरी बिघाड तिथेच राहतो.

मीटर थोडी मदत करतो. बॅटरीची निगेटिव्ह काढून, स्कॅनर लावायच्या सॉकेटच्या पिन ६ आणि १४ मध्ये ६० ओहम यायला हवेत. १२० आले तर एक टर्मिनेटर (नेटवर्कच्या टोकाचा १२० ओहमचा रेझिस्टर) किंवा त्याची वायर तुटलीय, शून्याजवळ आले तर दोन्ही वायरी एकमेकींना चिकटल्यात. पण गेटवे (नेटवर्कच्या फांद्या जोडणारं मॉड्युल) असलेल्या गाडीत हे मोजमाप बहुधा फक्त गेटवेपर्यंतच्या फांदीचं असतं. शिवाय उभ्या गाडीत ६० येतात आणि खड्ड्यात चाक गेलं की कनेक्टर हलतो. चालू नेटवर्कवर मीटर नुसती सरासरी दाखवतो; ५०० केबीपीएसला एक बिट २ मायक्रोसेकंदांचा, त्यात काय बिघडलं हे आकड्यात उतरत नाही.

स्कोपवर ते दिसतं. पहिला चॅनल पिन ६ ला, दुसरा १४ ला, क्लिप पिन ४ च्या अर्थला, पडद्यावरच्या एका घराला १ व्होल्ट आणि २० मायक्रोसेकंद. शांत असताना दोन्ही रेषा २.५ वर, बोलताना एच (हाय, पिन ६ ची) ३.५ ला चढते, एल (लो, पिन १४ ची) १.५ ला उतरते. एच शून्यावर सपाट असेल तर अर्थला शॉर्ट, १२ ला असेल तर बॅटरीला. फक्त काही संदेशांची उंची वेगळी दिसली तर ते पाठवणाऱ्या मॉड्युलचं अर्थिंग आधी तपासा. नेटवर्क बसलेलं असेल तर एकेक मॉड्युल सोडवत जा. ज्याच्या वेळी रेषा पुन्हा उठतात, तिथे दोष. टर्मिनेटरवालं मॉड्युल काढलं तर ६० चे १२० होणारच, त्याला दोष समजू नका. आणि हार्नेस (वायरींचा जुडगा) हाताने हलवत पडदा बघा: अधूनमधून येणारा दोष पकडायला माझ्या अनुभवात याहून भरवशाची रीत नाही.

स्कोपला सवय लागते, हे मान्य. पहिले काही दिवस चांगल्या गाड्यांचेच आकार बघत बसावं लागतं. पण २० मेगाहर्ट्झचा दोन चॅनलचा साधा स्कोप या कामाला पुरतो, लॅमिंग्टन रोडवर चौकशी करा. वाचलेल्या पैशांत १६ पिनचा ब्रेकआउट बॉक्स, म्हणजे सॉकेटच्या पिना बाहेर मोजायला देणारा डबा, नक्की घ्या. जाड प्रोब थेट सॉकेटमध्ये खुपसला की आतलं टर्मिनल पसरतं, आणि मग धड स्कॅनरही नीट लागत नाही.