‘नाही’ गिळणारा डबा: आठ महिने वापरल्यानंतर

गेल्या महिन्यात धाकट्या चिरंजीवांनी माझ्या चॅनल स्ट्रिपला, म्हणजे माइकचा आवाज रेकॉर्डिंगआधी वाढवून साफ करणाऱ्या डब्याला, कॉम्प्युटरची वायर लावली आणि डबा गपगार झाला. डबा अमेरिकेतला, १२० व्होल्टचा, एरवी व्होल्टेज उतरवणाऱ्या कन्व्हर्टरवर चालायचा. मागचं सॉकेट मात्र जगभर सारखंच, त्यामुळे आपली वायर कुरकुर न करता बसते. २३० व्होल्ट थेट पोटात. क्षणभर दिवा लागला आणि विझला. त्या निमित्ताने हे लिहितोय.

दिवाळीत भाचा अमेरिकेतल्या एडिसनहून आला, तेव्हा त्याच्या बॅगेतून हा मागवला. सव्वादोनशे डॉलर. इथे तोच घ्यायचा तर बरेच जास्त पडत होते, आणि तीन-चार हजार वाचवण्यासाठी माणूस काय काय करतो ते पुढे येईलच. आत प्रीअँप (माइकचा क्षीण आवाज वाढवणारा), कॉम्प्रेसर, डी-एसर (‘स’, ‘च’ची शीळ कमी करणारा), गेट (कोणी बोलत नसताना आवाज बंद करणारं) हे नेहमीचंच, त्यावर वेळ घालवत नाही. माझा माइक शुअरचा एसएम५८. असल्या डायनॅमिक माइकला गेन, म्हणजे आवाजाची वाढ, भरपूर लागते. माइक कॉम्प्युटरला जोडणाऱ्या माझ्या जुन्या स्वस्त इंटरफेसचा नॉब शेवटाला नेला की मागे सुस्स आवाज यायचा, तो पहिल्याच दिवशी गेला. या एका कामाला पैकीच्या पैकी मार्क.

पहिले दोन महिने मी जगाला सांगत सुटलो होतो की घ्या म्हणून. मग गेट लावायला घेतलं.

माझ्या पॉडकास्टवर बहुतेक निवृत्त मंडळी येतात. जानेवारीत एक तलाठीकाका आले होते. दीड तास सुंदर बोलले. एका जुन्या जमीन व्यवहाराबद्दल ते म्हणाले, “देवाशप्पथ सांगतो, मी पैसे खाल्ले नाहीत.” घरी हेडफोन लावून ऐकतो तर काय, “देवाशप्पथ सांगतो, मी पैसे खाल्ले”, आणि पुढे शांतता. पुन्हा ऐकलं. तेच.

यात काकांचा दोष नव्हता. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी, नकार त्याच्याही शेवटी, आणि तिथपर्यंत येईतो श्वास संपत आलेला असतो. ‘आहे’, ‘नाही’, ‘होतं’ हे शब्द आपण बोलत नाही, खाली ठेवून देतो. त्यात ‘ह’ म्हणजे निव्वळ हवा. गेटला मराठी कुठे कळते? ठरवलेल्या पातळीखाली आवाज गेला की दार बंद, एवढंच त्याला ठाऊक. मी ती पातळी खोलीतल्या पंख्याकडे बघून ठरवली होती, काकांच्या ‘नाही’कडे बघून नव्हे. आणि हार्डवेअरमध्ये जे कापलं गेलं ते कायमचं गेलं. मूळ आवाज कुठेच नसतो, परत आणायचा कुठून? काकांना फोन केला. ते म्हणाले, “म्हणजे आता पुन्हा येऊन निर्दोष सुटू म्हणता?” आले बिचारे.

तेव्हापासून पाहुणा बसला की आधी त्याला सगळ्यात हळू आवाजात तीनदा ‘नाही’ म्हणायला लावतो आणि गेटचा नॉब त्याच्या बराच खाली ठेवतो. लोकांना वाटतं काहीतरी मंत्र आहे.

एप्रिलमध्ये दुसरी गंमत. पुण्याच्या उन्हाळ्यात पंखा बंद ठेवून म्हाताऱ्या माणसाला तासभर बसवणं पाप आहे. पंखा चालू, गेट चालू. माणूस बोलला की पंखा येतो, थांबला की जातो. सतत फिरणारा पंखा कान विसरतो, हा येऊन-जाऊन असणारा डोकं उठवतो. त्यात कॉम्प्रेसर. तो मोठा आवाज दाबतो, मग आपण एकूण पातळी ८-१० डेसिबलने वर उचलतो, आणि त्याबरोबर पंखाही तेवढाच वर येतो. म्हणजे आवाज सुधारायच्या यंत्राने पंखा सुधारून दिला.

(डी-एसरबद्दल दोनच शब्द. ‘चमचा’, ‘जहाज’ असल्या शब्दांत तो चोख काम करतो. जास्त फिरवलात तर मात्र पाहुणा बोबडा होतो.)

आता बिघाड. ज्या सेवा केंद्रात गेलो त्याचं नाव घेत नाही. काउंटरवरच्या मुलाने मागचा सीरियल नंबर पाहिला आणि म्हणाला, “सर, बाहेरचा आहे, वॉरंटी नाही.” म्हटलं, वॉरंटी कोण मागतंय, पैसे देतो, उघडून तर बघा. उघडायचेच बाराशे सांगितले. दोन आठवडे डबा तिथे पडून. शेवटी न उघडलेलाच परत आणला.

त्या दोन आठवड्यांत नाइलाजाने साध्या इंटरफेसवर रेकॉर्डिंग केलं. माइक वीतभर लांब असायचा, तो तोंडापासून चार बोटांवर आणला, पाहुण्याच्या पाठीमागे आईची गोधडी टांगली. अंतर निम्मं केलं की माणसाचा आवाज साधारण ६ डेसिबलने वाढतो, पंखा होता तिथेच राहतो. एपिसोड ऐकून बायको म्हणाली, “दुरुस्त झाला वाटतं डबा?” सव्वादोनशे डॉलर त्या क्षणी फार टोचले. सुस्स आवाज होता थोडा, पण तो मलाच ऐकू येत होता.

मग तपकीर गल्लीतल्या (पुण्याचा इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) एका कारागिराकडे गेलो. त्याने समोरच झाकण काढलं, फ्यूज दाखवला आणि विचारलं, “साहेब, कन्व्हर्टरवर कशाला चालवता हा?” आतल्या ट्रान्सफॉर्मरला प्रायमरीची, म्हणजे वीज आत येते त्या बाजूची, दोन वेटोळी होती. समांतर जोडली की ११५ व्होल्ट, एकापुढे एक जोडली की २३०. त्याने जोडणी बदलली, कमी अँपिअरचा फ्यूज घातला, साडेतीनशे घेतले. वीस मिनिटं लागली. आठ महिने मी तो दीड किलोचा कन्व्हर्टर त्याच्या घूं आवाजापायी खोलीबाहेर पॅसेजमध्ये ठेवत होतो, रात्री उठलं की ठेच लागायची. (तुमच्या डब्यात अशी सोय असेलच असं नाही. जाणकाराने बघितल्याशिवाय वायर लावू नका.)

तर सध्या प्रीअँप आणि थोडासा डी-एसर एवढाच वापरतो. कॉम्प्रेसर जेमतेम, बाकीचं सॉफ्टवेअरमध्ये, तिथे चुकलं तर मागे तरी फिरता येतं. गेटचा नॉब पार डावीकडे नेऊन त्यावर चिकटपट्टी मारली आहे. माइक जवळ घेऊन, गोधडी टांगून बघितल्याशिवाय हा घेऊ नका. त्यानंतरही सुस्स आवाज छळत असेल तर घ्या, पण इथलाच घ्या.

कन्व्हर्टर विकणे आहे. चालू स्थितीत, घूं आवाजासकट.