वेल्डची तपासणी: गामा कॅमेरा ठेवावा की फेज्ड ॲरे घ्यावी?

प्रेशर व्हेसल बांधणाऱ्या कारखान्याला वेल्डचे अंतरंग पाहण्यासाठी इरिडियम-192 चा गामा कॅमेरा (किरणोत्सर्गी सोर्सच्या गामा किरणांनी वेल्डची प्रतिमा फिल्मवर घेणारे उपकरण) किंवा किरणोत्सर्गाचा संबंधच नसलेली फेज्ड ॲरे अल्ट्रासॉनिक तपासणी (अनेक घटकांच्या प्रोबने ध्वनिलहरी सोडून प्रतिध्वनीवरून दोष शोधणे), यांतून निवड करावी लागते.

30 क्युरीच्या (क्युरी हे सोर्सच्या किरणोत्सर्गी क्षमतेचे एकक) उघड्या इरिडियम सोर्सपासून 1 मीटरवर शरीराला तासाला 100 मिलिसिव्हर्टहून अधिक किरणोत्सर्गाची मात्रा मिळते. म्हणजे अणुऊर्जा नियामक परिषदेने कामगारासाठी घालून दिलेली 20 मिलिसिव्हर्टची वार्षिक सरासरी मर्यादा तिथे बारा मिनिटांच्या आतच ओलांडली जाते. अर्थात, फिल्मवर किरण पडत असताना रेडिओग्राफर दूर, आडोशाला असतो. त्याला मात्रा मिळते ती मुख्यतः केबल ढकलणारा क्रँक फिरवताना, सोर्स गाइड ट्यूबमधून कॉलिमेटरपर्यंत (किरण एका दिशेपुरते रोखणाऱ्या आवरणापर्यंत) जाण्याच्या आणि परत येण्याच्या त्या काही सेकंदांत. म्हणूनच फिल्मऐवजी डिजिटल डिटेक्टर घेऊन एक्स्पोजरचा वेळ घटवला तरी शॉटची संख्या तेवढीच राहिल्यास रेडिओग्राफरची मात्रा त्या प्रमाणात उतरत नाही. खरा लाभ फसलेले शॉट पुन्हा घ्यावे न लागण्यात आहे. सोर्स परतल्यावर किरणोत्सर्ग मोजणारा सर्व्हे मीटर हाती घेऊन कॅमेऱ्यापर्यंत जाणे आणि काटा खाली आल्याची खात्री करणे मात्र कोणत्याही डिटेक्टरने टळत नाही, कारण केबलपासून सुटलेला सोर्स ट्यूबमध्येच अडकून राहू शकतो.

फेज्ड ॲरेमध्ये हा धोकाच नाही. परिसर रिकामा करावा लागत नसल्याने शेजारची फिटिंग दिवसाही चालू राहते, शिवाय दोषाची खोली कळते, जी फिल्मवरून सहसा कळत नाही. जाड कार्बन स्टीलसाठी मी हाच पर्याय निवडेन. मात्र ऑस्टेनिटिक स्टेनलेस स्टीलच्या वेल्डमधील भरड कण ध्वनिलहरी विखुरतात, पातळ भिंतीच्या नळ्यांवर तपासणी अवघड होते आणि प्रशिक्षित ऑपरेटर महाग पडतो. ग्राहकाचा निरीक्षक फिल्मच मागणार असेल, तर ऑर्डर घेण्यापूर्वीच फेज्ड ॲरेसाठी त्याची लेखी संमती मिळवावी.

गामा अटळच असेल, तर साधारण 10 ते 40 मिलिमीटर जाडीसाठी सेलेनियम-75 चा विचार करावा. तेवढ्याच क्युरीला त्याची मात्रा इरिडियमच्या निम्म्याहून कमी असते आणि अर्धायुष्य 74 ऐवजी सुमारे 120 दिवसांचे असल्याने सोर्स कमी वेळा बदलावा लागतो.

मात्रा मोजून अलार्म देणारा इलेक्ट्रॉनिक डोसीमीटर दोन्ही सोर्ससोबत हवाच. टीएलडी बॅजचा (अंगावर लावायच्या, मिळालेली एकूण मात्रा साठवणाऱ्या बिल्ल्याचा) अहवाल तिमाही संपल्यावर येतो. डोसीमीटर त्याच क्षणी ओरडतो, पण तो ओरडतो तेव्हा मात्रा मिळू लागलेली असते, म्हणून त्याची किंमत मात्रा घटवण्याच्या खर्चात धरू नये.