घरगुती ऑटोपायलटसाठी आयबीटी-२ मोटर ड्रायव्हर : एका हंगामाचा अनुभव

माझ्या २० फुटी शिडाच्या होडीवर सुकाणूचा दांडा आपोआप हलवण्यासाठी मी जुन्या गाडीची वायपर मोटर बसवली आहे. ती आर्डुइनोच्या (प्रोग्रॅम करता येणाऱ्या छोट्या नियंत्रक बोर्डाच्या) हुकमाने दोन्ही दिशांना फिरावी म्हणून आयबीटी-२ या नावाने मिळणारा मोटर ड्रायव्हर सहाशे रुपयांना घेतला आणि ऑक्टोबर ते मे असा अख्खा हंगाम अलिबागच्या किनाऱ्यालगत वापरला. लहान होडीसाठी तो मी निःसंकोच सुचवेन, मात्र जोडणी नीट समजून करावी लागते.

या बोर्डावरच्या बीटीएस ७९६० जातीच्या दोन चिप मिळून एक एच-ब्रिज, म्हणजे मोटरमधल्या प्रवाहाची दिशा उलटवू शकणारे सर्किट, तयार होतो. जाहिरातीत ‘४३ अँपिअर’ असे ठळकपणे लिहिलेले असते. पण तो आकडा चिप स्वतःच प्रवाह जिथे रोखते त्या मर्यादेचा आहे, पाठीमागच्या छोट्याशा हीटसिंकवर (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या तुकड्यावर) सतत पेलवेल अशा भाराचा नव्हे. माझी मोटर एरवी तीन-चार अँपिअर घेते आणि मागून लाट आली की क्षणभर दहापर्यंत जाते; एवढ्याने हीटसिंक फक्त कोमट होतो. जास्त प्रवाह घेणाऱ्या हायड्रॉलिक पंपासाठी मात्र मी हा बोर्ड घेणार नाही.

बोर्डाच्या आर-ईएन आणि एल-ईएन या दोन्ही पिनांना (उजव्या-डाव्या बाजूला चालू होण्याची परवानगी देणाऱ्या) पाच व्होल्ट मिळाल्याशिवाय मोटर हलत नाही, म्हणून मी त्या थेट पाच व्होल्टच्या तारेला जोडून टाकल्या होत्या. आर्डुइनो सुरू होताना त्याच्या पिना क्षणभर अधांतरी, म्हणजे ना चालू ना बंद अशा, असतात. तेवढ्या वेळात नांगरलेल्या होडीचा दांडा आपोआप वळून माझ्या गुडघ्यावर आदळला. आता त्या दोन्ही पिना आर्डुइनोच्या ताब्यात दिल्या आहेत आणि प्रत्येकीपासून ग्राउंडला १० किलोओहमचा रेझिस्टर लावला आहे, त्यामुळे प्रोग्रॅम पूर्ण सुरू होईपर्यंत मोटर निपचित राहते.

अनेक वायपर मोटरींत ऋण टोक सांगाड्यालाच जोडलेले असते, हेही आधी तपासून घ्यावे. एच-ब्रिजने दिशा उलटवली की तोच सांगाडा १२ व्होल्टवर जातो आणि बॅटरीच्या ऋण टोकाशी जोडलेल्या एखाद्या धातूच्या पट्टीला टेकला, तर सरळ शॉर्ट सर्किट होते. मी मोटर नायलॉनच्या ठोकळ्यांवर बसवली.

९ आणि १० क्रमांकाच्या पिनांवर आर्डुइनोची मूळ ४९० हर्ट्झची पीडब्ल्यूएम (वेग कमी-जास्त करण्यासाठी वीज झपाट्याने चालू-बंद करण्याची पद्धत) ठेवली की मोटर सतत गुणगुणते आणि रात्रीच्या शांततेत ते फार जाणवते. आर्डुइनोच्या टायमरची सेटिंग बदलून ती २० किलोहर्ट्झवर नेताच आवाज थांबला. चिपला २५ किलोहर्ट्झपर्यंत चालते.

बॅटरीची टोके चुकून उलटी लागली, तर त्यापासून या बोर्डाला कोणतेही संरक्षण नाही. फ्यूज आपणच लावायचा असतो, मी १५ अँपिअरचा लावला. खाऱ्या हवेने टर्मिनलचे स्क्रू दोन महिन्यांत हिरवे पडले. म्हणून पुढच्या हंगामासाठी दुसरा बोर्ड आणून, त्यावर लॅकरचे दोन हात मारून, तो आत्ताच झाकणबंद डब्यात ठेवला आहे.