पिंक फ्लॉइड ऐकायचंय, पण सुरुवात कोणत्या अल्बमने?

पिंक फ्लॉइड या ब्रिटिश रॉक बँडबद्दल हा प्रश्न विचारला की बहुतेक जण डोळे झाकून 'द डार्क साइड ऑफ द मून' (१९७३) सांगतात. मी 'विश यू वर हिअर' (१९७५) सांगतो, पण एका अटीवर.

'डार्क साइड' जेमतेम ४३ मिनिटांचा. वेळ, पैसा, मरण, वेड असे विषय, आणि एका गाण्यातून दुसरं निघत जातं, त्यामुळे शफल आधी बंद करा. 'मनी'च्या सुरुवातीला नाणी, फाटणारा कागद आणि गल्ल्याची खणखण सात मात्रांत बसवली आहे. चारच्या सवयीने पाय हलवाल तर हुकाल. सात मात्रांचा रूपक ताल ऐकलेल्याला मात्र मजा येईल. त्याच्या आधीच्याच गाण्यात गायिका क्लेअर टोरी एकही शब्द न उच्चारता सगळं तोलून धरते. नवख्याला कुठेच अडायला होत नाही, हे या अल्बमचं खरं बळ.

'विश यू'मध्ये रचना पाचच, आणि सगळ्यात मोठी 'शाइन ऑन' दोन तुकडे करून दोन टोकांना ठेवलेली. पहिला शब्द कानावर पडायला आठ मिनिटांहून जास्त लागतात. तेवढा दम असेल तरच याच्या वाटेला जा, ही माझी अट. गिटारचे ते चार सूर येतात तोवर तुम्ही थांबला असाल, तर मग सुटका नाही. हे सगळं सिड बॅरेटसाठी. बँडचा हा संस्थापक मनाने ढासळला आणि १९६८मध्ये बाहेर पडला. जून १९७५मध्ये याच अल्बमचं काम चालू असताना तो अ‍ॅबी रोड स्टुडिओत येऊन उभा राहिला. डोकं, भुवया सगळं भादरलेलं, अंग सुटलेलं. जुन्या सोबत्यांना आधी ओळखूच आला नाही.

'अ‍ॅनिमल्स' (१९७७) कडवट आणि चिडलेला. 'डॉग्ज' एकटंच १७ मिनिटांचं. आवडेल, पण नंतर.

'द वॉल' (१९७९) मात्र पहिल्यांदा नकोच. शाळकरी पोरांच्या कोरसचं गाणं ऐकून लोक आत शिरतात आणि २६ गाण्यांच्या जोड-अल्बममध्ये मध्येच अडकतात. बँडचा बासवादक आणि गीतकार रॉजर वॉटर्सची ही आत्मकथाच म्हणा: युद्धात गेलेला बाप, भोवती चढत जाणारी भिंत. बाकीच्यांना जागा कमी उरली. कीबोर्डवाल्या रिचर्ड राइटला तर याच काळात बँडबाहेर काढलं. तरी 'कम्फर्टेबली नम्ब'मधला गिटारवाल्या डेव्हिड गिल्मरचा शेवटचा सोलो एवढ्यासाठीही रेकॉर्डची तिसरी बाजू गाठावी.

आणि 'शाइन ऑन'ची आठ मिनिटं कमीच वाटली, तर मागे १९७१च्या 'मेडल'कडे जा. तिथे 'एकोज' आहे, २३ मिनिटांचं, आणि ते पियानोच्या एकाच सुरापासून सुरू होतं.