डॉकच्या पोटातली डिस्क : आठ महिन्यांच्या वापरानंतर

मी साताऱ्यात घरूनच पुस्तकांची आणि दिवाळी अंकांची अक्षरजुळणी व मांडणी करते. जुन्या अंकांतील चित्रे आणि पाने स्कॅन करून स्वच्छ करणे हाही माझ्या कामाचा भाग आहे. ए-फोर आकाराचे एक पान 600 डीपीआयला रंगीत स्कॅन केले की त्याची टिफ फाइल सुमारे 100 एमबीची होते, म्हणजे दोनशे पानांचा एक अंक 20 जीबी खातो. माझ्या लॅपटॉपमध्ये 512 जीबीची डिस्क आहे, ती बोर्डावरच जोडलेली असल्यामुळे वाढवता येत नाही आणि बाहेर टाइप-सीचे दोनच पोर्ट आहेत. एकात चार्जर आणि दुसऱ्यात पोर्ट वाढवणारा हब, त्या हबला लटकलेली बाहेरची डिस्क, शेजारी मॉनिटरची वायर, असा पसारा दोन वर्षे सांभाळल्यावर गेल्या फेब्रुवारीत मी एम डॉट टू, म्हणजे पातळ पट्टीसारखी, डिस्क बसवण्याची जागा पोटातच असलेला एक छोटा डॉक (एका केबलने लॅपटॉपला अनेक पोर्ट देणारी पेटी) सुमारे 7,000 रुपयांना घेतला. कंपनीचे नाव मुद्दामच लिहीत नाही, कारण याच बांधणीचे डॉक अनेक नावांनी विकले जातात आणि मला जे सांगायचे आहे ते या बांधणीविषयीच आहे.

डॉक चष्म्याच्या डबीएवढा आहे. त्याला एक एचडीएमआय, एक गिगाबिट लॅन, दोन जुन्या पद्धतीचे यूएसबी, एसडी कार्डाची खाच, एक डेटासाठीचा टाइप-सी आणि एक चार्जर लावण्याचा टाइप-सी पोर्ट आहे. खालच्या बाजूचे झाकण सरकवले की डिस्कची जागा दिसते. डिस्क वेगळी विकत घ्यावी लागते. ती बसवणे पाच मिनिटांचे काम आहे, पण घेण्यापूर्वी दोन गोष्टी पाहाव्यात : डॉक एनव्हीएमई (जलद जातीची) डिस्क घेतो, साटा (जुनी, मंद जात) घेतो की दोन्ही, आणि आतली उंची किती आहे. वर ॲल्युमिनियमची पट्टी चिकटवलेली डिस्क अशा डॉकमध्ये बसत नाही आणि दोन्ही बाजूंना चिप असलेली डिस्कही काही डॉकमध्ये अडते.

माझी पहिली चूक इथेच झाली. डिस्क आणि धातूचे झाकण यांच्यामध्ये ठेवायच्या मऊ थर्मल पॅडच्या दोन्ही बाजूंना पातळ प्लॅस्टिक असते. मी एका बाजूचे काढले आणि दुसऱ्या बाजूचे तसेच राहिले. एप्रिलच्या दुपारी मोठी फाइल हलवताना डिस्कची स्थिती दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्रॅममध्ये तापमान 74 अंश दिसले. झाकण पुन्हा उघडल्यावर ते प्लॅस्टिक सापडले. ते काढल्यानंतर तशाच कामात आकडा 61 च्या वर गेला नाही. झाकण मात्र हाताला जास्त गरम लागू लागले, आणि तेच योग्य आहे, कारण उष्णता आत कोंडून राहण्याऐवजी बाहेर येत आहे.

वेगाबद्दल जाहिरातीत 10 गिगाबिट लिहिलेले असते. प्रत्यक्षात याचा अर्थ सेकंदाला साधारण 1,000 एमबी ही कमाल मर्यादा, आणि मला 900 ते 950 मिळतात. त्यामुळे 7,000 एमबी वेगाची महागडी डिस्क या डॉकमध्ये घालणे म्हणजे बोळातून ट्रक हाकण्यासारखे आहे. मी साध्या जातीची 1 टीबी डिस्क घेतली आणि वाचवलेले पैसे वेगापेक्षा टिकाऊपणाकडे वळवले, म्हणजे क्यूएलसी (एका पेशीत चार बिट साठवणारी, स्वस्त) चिपऐवजी टीएलसी (तीन बिट साठवणारी, जास्त टिकाऊ) चिप असलेली डिस्क निवडली. हा फरक मोठी फाइल लिहिताना कळतो. पहिला काही भाग डिस्क आपल्या जलद कप्प्यात भरभर घेते आणि तो कप्पा भरला की वेग कोसळतो. माझ्या डिस्कवर तो निम्म्याच्या आसपास येतो. मैत्रिणीच्या क्यूएलसी डिस्कवर तो 100 एमबीच्याही खाली गेलेला मी पाहिला आहे.

मॉनिटर लावला की डिस्क मंदावेल, अशी माझी समजूत होती. ती या डॉकपुरती चुकीची निघाली. टाइप-सी केबलमध्ये वेगवान डेटाच्या चार मार्गिका असतात. हा डॉक त्यांपैकी दोन चित्राला आणि दोन डेटाला देतो, त्यामुळे मॉनिटर आणि डिस्क एकमेकांच्या वाटेत येत नाहीत. डिस्कच्या वेगात वाटेकरी होतात ते लॅन, एसडी कार्ड आणि इतर यूएसबी उपकरणे. मात्र दोनच मार्गिकांतून फोर-के चित्र सेकंदाला 60 वेळा पाठवायचे असेल, तर लॅपटॉपला डिस्प्लेपोर्ट 1.4 (चित्र पाठवण्याच्या पद्धतीची एक आवृत्ती) यावे लागते. माझ्या लॅपटॉपला ते येते. घरातल्या जुन्या लॅपटॉपला तोच डॉक लावला, तर चित्र 30 हर्ट्झवर उतरते आणि माउसचा बाण ओढत नेल्यासारखा वाटतो. याउलट काही हब चारही मार्गिका चित्राला देऊन 60 हर्ट्झचा दावा पूर्ण करतात आणि डेटा जुन्या यूएसबी 2.0 च्या वाटेने पाठवतात. तसे असेल तर आतल्या डिस्कचा वेग 40 एमबीच्या आसपास राहतो, मग ती कितीही चांगली असो. डबीवरच्या चित्रावरून हे कळत नाही, तपशिलाचा तक्ताच वाचावा लागतो.

आता मुख्य गोष्टीकडे येते. डिस्क डॉकच्या पोटात गेली की डॉकला होणारी प्रत्येक इजा डिस्कलाही होते. हे वाचताना साधे वाटते, पण मला ते ऑगस्टमधल्या एका संध्याकाळी खऱ्या अर्थाने समजले.

दिवाळी अंकाच्या एका विभागाची दुरुस्ती चालू होती आणि इनडिझाइन या पानमांडणीच्या प्रोग्रॅमची फाइल थेट डॉकमधल्या डिस्कवर उघडलेली होती. बाहेर पाऊस होता. वीज क्षणभर गेली आणि परत आली. लॅपटॉप बॅटरीवर चालत राहिला, त्याला काहीच कळले नाही. मॉनिटर मात्र काळा झाला, आणि त्याबरोबर डिस्कही दोन-तीन सेकंद नाहीशी होऊन परत आली. नेमक्या त्याच वेळी फाइल साठवली जात होती. नंतर ती उघडेना.

असे का होते, ते नंतर शोधून काढले. चार्जर लावलेला असताना डॉक स्वतःची वीज चार्जरकडून घेतो आणि उरलेली लॅपटॉपला देतो. माझा चार्जर 65 वॉटचा आहे आणि त्यातले साधारण 15 वॉट डॉक स्वतःसाठी राखतो. चार्जर बंद पडला की वीज देण्याघेण्याच्या भूमिका उलटतात आणि डॉकला लॅपटॉपकडून वीज मागावी लागते. ही अदलाबदल डेटा न तुटता व्हावी म्हणून यूएसबी पॉवर डिलिव्हरी या यूएसबीतून वीज देण्याघेण्याच्या मानकाच्या 3.0 आवृत्तीत ‘फास्ट रोल स्वॅप’ नावाची सोय ठेवलेली आहे, पण ती डॉक आणि लॅपटॉप या दोघांतही असावी लागते. स्वस्त डॉकमध्ये ती बहुधा नसते. मग डॉक एकदा बंद होऊन पुन्हा सुरू होतो. साध्या हबला माउस आणि कीबोर्ड लावलेले असतील, तर कोणाच्या लक्षातही येणार नाही. इथे पोटात डिस्क आहे.

नुकसान वाढवायला मीही हातभार लावला होता. विंडोजमध्ये बाहेरच्या डिस्कसाठी ‘क्विक रिमूव्हल’ आणि ‘बेटर परफॉर्मन्स’ असे दोन पर्याय असतात. 2018 पासून पहिला पर्याय मुळातच निवडलेला असतो, तो मी वेगाच्या हव्यासापोटी बदलला होता. दुसऱ्या पर्यायात लिहायचा मजकूर काही काळ मेमरीत थांबतो आणि नेमका तोच तुटला. शिवाय मॅकवरही चालावी म्हणून डिस्क एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेली होती. एक्सफॅटमध्ये अर्धवट राहिलेल्या लेखनाची नोंदवही नसते, विंडोजच्या एनटीएफएस पद्धतीत ती असते. दुपारची प्रत लॅपटॉपमध्ये होती म्हणून अर्धा दिवसच वाया गेला, पण छपाईला फाइल पाठवायच्या आदल्या आठवड्यात अर्धा दिवसही थोडा नसतो.

घरात इन्व्हर्टर आहे. माझ्या टेबलाजवळचे सॉकेट मात्र त्याच्या लाइनवर नव्हते. वायरमनला बोलावून विचारले तेव्हा तो म्हणाला, “मॅडम, तेव्हा तुम्ही पंखा आणि ट्यूब म्हणालात, टेबलाचं कुठं म्हणालात?” त्याचे म्हणणे खरे होते. त्याने सॉकेट इन्व्हर्टरच्या लाइनवर घेतले आणि मी इन्व्हर्टर ‘यूपीएस’ मोडवर ठेवला, कारण त्या मोडमध्ये बदल होण्याचा वेळ कमी असतो. त्यानंतर पावसाळाभर वीज अनेकदा गेली, पण डिस्क एकदाही सुटली नाही. चार्जर हाताने काढला तर मात्र ती आजही सुटते. म्हणून आधी डिस्क ‘सेफली रिमूव्ह’ करून मगच चार्जरला हात लावायचा, हा नियम घरातल्या सर्वांना सांगून ठेवला आहे. डिस्क एनटीएफएस केली, ‘क्विक रिमूव्हल’ परत आणले, आणि चालू अंकाच्या फाइली आता लॅपटॉपमध्येच असतात. डॉकमध्ये स्कॅन, जुने अंक आणि फॉन्टचा साठा राहतो. वेगातला फरक या कामात मला जाणवला नाही.

बिनतारी माउसचा छोटा रिसीव्हर डॉकला लावला की डिस्क चालू असताना बाण अडखळतो. यूएसबी 3 च्या डेटामुळे 2.4 गिगाहर्ट्झच्या आसपास गोंगाट होतो, हे इंटेलने 2012 मध्येच लिहून ठेवलेले आहे. रिसीव्हर हातभर लांब वायरीने दूर नेला आणि त्रास थांबला.

आठवड्यातून एकदा पुण्याला छापखान्यात जाते तेव्हा डॉक बरोबर असतो. तिथे लॅपटॉप न काढताही, केवळ डॉक त्यांच्या संगणकाला लावून फाइल देता येते, हे फार सोयीचे आहे. एकदा तो तिथल्या टेबलावर विसरून मी बसस्थानकापर्यंत आले होते. हब विसरला असता, तर दुसऱ्या दिवशी आणला असता. इथे तीन वर्षांचे काम विसरले होते, आणि रिक्षा करून परत जावे लागले. त्याच रात्री बिटलॉकर, म्हणजे पासवर्डशिवाय डिस्क उघडू न देणारे विंडोजचे कुलूप, लावले. ते चालू करण्यासाठी विंडोजची प्रो आवृत्ती लागते, होम आवृत्तीवर अशी डिस्क फक्त उघडता येते.

बांधणीबद्दल खरी तक्रार एकच आहे. केबल डॉकलाच जोडलेली आहे आणि ती वीतभरही नाही. लॅपटॉप उंच स्टँडवर ठेवला की डॉक हवेत लोंबतो आणि सगळा भार केबलच्या मानेवर येतो. सातव्या महिन्यात त्या जागी वरचे आवरण फाटू लागले. सध्या तिथे चिकटपट्टीचे तीन वेढे आहेत आणि डॉकखाली एक जाड शब्दकोश ठेवला आहे. केबल तुटलीच, तर झाकण सरकवून डिस्क काढता येईल आणि कोणत्याही साध्या एनव्हीएमई पेटीत घालता येईल. साठवण बोर्डावरच जोडलेले डॉकही मिळतात, तसा न घेतल्याचे मला या वेढ्यांकडे पाहून रोज बरे वाटते. पुढचा डॉक सुटी केबल असलेलाच घेईन, आणि दुकानदाराला ‘फास्ट रोल स्वॅप’ आहे का, हे विचारीन. त्याला ते ठाऊक नसेल, तर दुकानातच फाइल कॉपी करताना चार्जरची पिन काढून पाहीन.